बिनमापाची बंडी

हसनाबादेतली जी धीट माणसं भुताखेतांना भीक घालत नसत, त्यांचेही पाय माझ्या आत्याच्या उंबऱ्यावर अडखळत. तिच्याइतकी मायाळू आणि तिच्याइतकी अंगावर काटा आणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. धनगरांकडून लोकर आणायची, पिंजून सूत काढायचं, मागावर विणायचं आणि त्या जाड कापडाच्या बंड्या शिवायच्या, एवढाच तिचा उद्योग. पण गिऱ्हाईक आलं की ती त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि स्वतः डोळे मिटून घ्यायची. "बोल बाबा, काहीबी बोल. आवाजावरून अंग कळतंय." एका शेजाऱ्याला तिने डावा खांदा उतरता शिवून दिला. तो भडकला. "तुमचा खांदाच पडलाय," आत्या म्हणाली. "कुठं पडलाय?" "मंग पडंल." पुढे तो मोटारसायकलवरून आपटला, प्लास्टर निघालं आणि बंडी बराबर बसली! तेव्हापासून लोक बंडी हातात पडताच आधी खांदे ताडून बघत. वारा नसताना दोरीवरच्या बंड्या हलल्या, की आत्या त्यांना लेकरांसारखी दटावायची.

माझा धाकटा काका जालन्याला एमआयडीसीत कामाला जायचा. एकदा घरात शब्दाने शब्द वाढला आणि तो जो गेला तो गेलाच. फोन बंद. वडिलांनी खूप शोधलं, मग थकून त्याचं नाव काढणं सोडलं. आत्या मात्र दर हिवाळ्यात त्याच्यासाठी नवी बंडी शिवायची, आणि दर वेळी जरा सैल. "हॉटेलातलं खाऊन राह्यलाय, पोट सुटलंय," म्हणत हसायची. एका दुपारी मी गेलो, तर ती काकाच्या बंडीचं कापड बेतत होती आणि कात्री मागच्या मापाच्या पार आतून चालली होती.

"आत्या, ही तर शाळकरी पोराला होईल."

"न्हाई रे." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "वाळून चाललाय. बिलकुल काडी झालाय."

मला तिथे बसवेना.

उन्हाळा लागायच्या आत काका टेंपोतून उतरला. मी त्याला ओळखलंच नाही. दूर कुठेतरी टीबीने अंथरुणाला खिळला होता. आत्याने तीच बंडी पुढे केली. त्याने बटणं लावली. कुठे ताण नाही, कुठे चुणी नाही.

"आक्का, माझं माप कुणी दिलं?" त्याने विचारलं.

"तूच. रोज बोलत होतास की माझ्यासंगं."

"तापात तुझ्याशीच बोलायचो," काका म्हणाला.

आता तो बरा आहे. आत्याजवळ बसून लोकर पिंजतो, चहावरून तिच्याशी भांडतो. आत्याचा हात मात्र बिघडला. कुणाची बंडी ढगळ होते, कुणाची काखेत काचते. माणसं बाजारातली जॅकेटं घालू लागली आहेत.

"आत्या, आता आवाज येत नाहीत का?" मी परवा विचारलं.

"येतो की एक. जेवायला वाढ म्हणतो."

ती भाकरी थापायला उठली. जाताना तिने भिंतीचा आधार घेतला, आणि आत्या म्हातारी झाल्याचं मला पहिल्यांदाच दिसलं.