मिशांवरचा ब्रश

प्रयोगशाळेत त्याला सगळे जागल्या म्हणत. काम काय, तर दिवसा झोपणाऱ्या उंदरांना झोपू द्यायचं नाही. पेंग आली की रंगकामाचा मऊ ब्रश त्यांच्या मिशांवरून फिरवायचा, बस्स! डोळा लागला की ब्रश, डोळा लागला की ब्रश.

"झोपेत मेंदूतल्या पेशी नवी प्रथिनं बनवतात, दिवसभर शिकलेलं पक्कं करतात," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सांगायच्या. "जागं ठेवलं की ते काम अडतं." आणि खरंच, जागवलेल्या उंदराला आदल्या दिवशी हुंगलेली वस्तूही नवीच वाटायची. जागल्याला भारी हसू यायचं.

मग त्याची बायको विसरू लागली. आधी गॅस बंद करायला, मग घराची गल्ली, मग धाकट्या जावेचं नाव. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कुणालाच काही पत्ता लागेना. सोबतीला म्हणून मुलगी येऊन राहिली, आईबापांच्याच खोलीत झोपली आणि सकाळी तिने चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

"बाबा, तुम्ही झोपेत आईच्या गालावरून बोटं फिरवता! तिचा डोळा लागला रे लागला की. ती दचकून उठते, आणि तुम्ही खुशाल घोरत असता."

"काहीतरीच काय!" तो म्हणाला, पण आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघू लागला. इतकी वर्षं तो तिच्याशेजारी निजत होता, आणि हा मेला हात कामावरच होता!

त्याने मॅडमना गाठलं. "जागवलेल्या उंदरांना नंतर पोटभर झोपू दिलं, तर गेलेलं परत येतं का हो?"

"आपण त्यांना परत झोपू देतोच कुठे?" मॅडम म्हणाल्या. " मेंदू काढून तपासायचा असतो ना."

तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत निजू लागला, उजवा हात टॉवेलने खाटेला बांधून. आत बायको झोपायची, ऊन वर आलं तरी उठायची नाही. तो दारात यायचा. बोटं शिवशिवायची. आपल्याच हाताची भीती वाटून तो हात काखेत दाबायचा आणि माघारी फिरायचा.

एका सकाळी ती आपणहून उठली. चेहरा कसा टवटवीत! दारातल्या त्याच्याकडे बघून ती हसली.

"किती दिवसांनी अशी गाढ झोप लागली हो!" मग शेजारची रिकामी उशी चाचपत तिने अदबीने विचारलं, "आमचे हे कामावर गेले का?"

त्याने हात पाठीमागे लपवला.

"गेले," तो म्हणाला. "तुम्ही झोपा निवांत."