कोलूतलं गुलाबी डोक्याचं बदक

मी चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहे, हे आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी गिअरबॉक्सच्या झाकणांची ड्रॉइंग्ज काढतो, तीही कॉम्प्युटरवर, हे मात्र फक्त माझ्या बायकोला माहीत आहे. तळमजल्यावरच्या मामींनी तिला विचारलं, "मुलांना चित्रकला शिकवायला कोणी मिळेल का?" तेव्हा ही बया म्हणाली, "आमचे हे आहेत ना, दिवसभर ड्रॉइंगच काढतात." लग्नाला बारा वर्षं झाली की माणसं असा सूड घेतात.

मामी तंजावरच्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचं मराठी माझ्या नाशिकच्या मराठीपेक्षा फार जुनं आणि वर तमिळ हेल. त्या "असं करूं नक्को" म्हणाल्या की आपण ही चूक तीनशे वर्षांपासून करत आलोय असं वाटतं. विषयही त्यांनीच ठरवून दिला. "देव सगळेच काढतात. तुम्ही प्राणी शिकवा. कोण कुठे राहतं, कोण उरलंय, कोण गेलं."

दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये पाच मुलं, एक बादली कागदाचा लगदा आणि मी. कासव मला छान जमलं, कारण कासव म्हणजे जवळजवळ गिअरबॉक्सचं झाकणच. काळविटाचे पाय मात्र चार बोल्ट ठोकल्यासारखे दिसायला लागले. "काका, हे स्टूल आहे का?" एका मुलाने अगदी आदराने विचारलं होतं.

मामींच्या सात वर्षांच्या नातीने पुस्तकातून गुलाबी डोक्याचं बदक निवडलं. एकेकाळी आपल्या पूर्वेकडच्या दलदलीत राहणारं, आणि कित्येक दशकांत कोणाच्याही नजरेला न पडलेलं. तिने ते गुलाबी होतं म्हणून निवडलं, बाकी तपशिलाशी तिला देणंघेणं नव्हतं. तीन शनिवार ती त्यावर राबली. मान दोनदा मोडली, आत काडी घालून मी ती सरळ केली. पोस्टर कलरची गुलाबी बाटली एकट्या डोक्यावर संपली.

मग नवरात्र आलं. मामींकडे दरवर्षी कोलू असतो. कोलू म्हणजे पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवायच्या, रोज संध्याकाळी बायका बघायला येणार, हळदीकुंकू होणार आणि सुंडल वाटलं जाणार. सुंडल म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांवर फोडणी आणि ओलं खोबरं. त्या खोबऱ्यासाठी मी कुठल्याही कलेची सेवा करायला तयार असतो. यंदा मामींनी खालच्या तीन पायऱ्या मुलांना दिल्या. एक समुद्राची, एक झुडपी जंगलाची, आणि तिसरी आता न दिसणाऱ्यांची, तिच्यावर चित्ता आणि बदक. पायऱ्यांपुढे परातीत मोहरी पेरून हिरवीगार दलदल उगवली होती, तिच्यात कागदी पेलिकन उभे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की घरचे सावध होतात, पण तेव्हा घरचं कोणी जवळ नव्हतं. मामी आत फोडणी करत होत्या. मी तिसऱ्या पायरीवरचा चित्ता आणि बदक अलगद आडवे केले. उभे ते आहेत, आडवे ते गेले. मुलांना एका नजरेत कळेल, भाषण नको. मी दोन पावलं मागे सरून स्वतःवरच खूश झालो.

पहिल्या पाहुण्या बाई दारात आल्या, पायऱ्यांकडे बघितलं आणि तिथेच थबकल्या. "अय्यो, संपला पण?" असं पुटपुटून परत गेल्या. त्यांच्यामागून दोघी आल्या, त्याही गेल्या. जिन्यात काहीतरी कुजबुज झाली आणि मग कोणीच येईना. मामी सुंडलचं भलंमोठं पातेलं घेऊन बाहेर आल्या तर हॉलमध्ये मी एकटा.

त्यांनी पायरीकडे पाहिलं. "काय हो इंजिनियर, हे कोणी झोपवलं?"

मग मला कळलं. कोलूतली बाहुली दसऱ्याच्या संध्याकाळी, आरती झाल्यावर आडवी करतात. म्हणजे आता सगळ्यांनी झोपायचं, पुढच्या वर्षी उठायचं. कोलू संपल्याची ती खूण. बारा वर्षं या शहरात सुंडल खाल्लं, पण शेवटच्या दिवशी काय करतात ते कधी बघितलं नव्हतं. नऊ दिवसांचा कोलू मी दुसऱ्या दिवशी गुंडाळला होता.

"तुमच्या नाशकात असंच करतात का?" मामींनी विचारलं. नाशकाची अब्रू राखायला मी पातेल्यातलं मूठभर सुंडल तोंडात टाकलं. त्यांनी चित्ता उचलून उभा केला आणि बदकाकडे हात नेला, तेवढ्यात नात धावत आली. आजीला ती तमिळमधलं 'पाटी' म्हणते.

"पाटी, नको! ते झोपलंय." मग माझ्याकडे वळून, "काका, झोपलंय ना?"

माझ्या तोंडात सुंडल होतं. "हो," म्हणालो मी.

हे एक 'हो' मला महागात पडलं. तिने बदक परातीतल्या मोहरीत निजवलं, वर रुमाल घातला आणि शेजारी बशीत पाणी ठेवलं. बाकीच्या मुलांना तिने बातमी दिली. जे प्राणी नामशेष झालेत ते झोपलेत, पुढच्या नवरात्रात उठणार. शनिवारी वर्गात मी चाचरत विरोध केला, तर एक पोरगा म्हणाला, "मग चित्ता कसा उठला? टीव्हीवर दाखवला की, जंगलात फिरताना!" पाचही माना डोलल्या. सहा महिने मी शिकवलेलं सगळं पाच मिनिटांत आडवं झालं.

"तुम्ही सांगितलंय, तुम्हीच निस्तरा," मामी म्हणाल्या. "दसऱ्याला बाहुल्या पेटीत जातील. पुढच्या वर्षी पेटी उघडल्यावर नात सगळ्यात आधी बदक बघेल. उठलं नसेल तर मी काय सांगू? आणि नंतर तुमचं एक अक्षर तरी ती खरं मानेल का?"

दसऱ्याच्या दुपारी मी परातीपाशी मांडी घालून बसलो. ती बशीतलं पाणी बदलत होती.

"मी त्या दिवशी खोटं बोललो," मी म्हणालो.

"केव्हा?"

"ते झोपलंय म्हणालो तेव्हा. झोपलेलं उठतं. हे उठेल असं मला वाटत नाही."

"चित्ता उठला."

"तो उठला नाही गं. इथले सगळे गेले. त्याचे लांबचे नातेवाईक आफ्रिकेत होते, त्यांना इथे आणलंय."

"मग बदकाचे नातेवाईक आणा."

"याच्यासारखं दुसरं कुठेच सापडलेलं नाही. त्याची दलदल लोकांनी शेतं करायला घेतली, शिकारी केल्या. मग ते दिसेनासं झालं."

ती रडेल म्हणून मी खिशात चॉकलेट ठेवलं होतं. ती रडली नाही. रुमालाचं टोक उचलून तिने बदकाकडे बघितलं. "कोणी शोधलं का पण? नीट?"

"शोधलं. अजूनही शोधतात काही लोक. पण सापडेल असं मी तुला सांगणार नाही. पुन्हा खोटं नाही बोलायचं मला."

"बरं," ती म्हणाली, आणि बशी घेऊन आत गेली. चॉकलेट मीच खाल्लं.

संध्याकाळी आरती झाली. बाहुली झोपवायचा मान मामींनी नातीला दिला. तिने सगळ्यात वरची लाल लाकडाची बाहुली दोन्ही हातांनी आडवी केली. मला वाटलं झालं. पण ती खाली वाकली, परातीतून बदक काढलं, मोहरीची मुळं झटकली आणि ते तिसऱ्या पायरीवर उभं केलं. मान पुन्हा थोडी कलली होती, तीही सरळ केली.

"अगं, आता सगळ्यांनी झोपायचं," मामी म्हणाल्या.

"याने नाही. लोक शोधतायत ना? झोपलं तर दिसणार कसं?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी सुंडलकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या जुन्या धोतरांच्या तुकड्यांत गुंडाळून पेटीत गेल्या. कासव गेलं, स्टुलासारखं काळवीटही गेलं. बदक तेवढं मामींच्या खिडकीत उभं आहे, गजांमधून रस्त्याकडे तोंड करून. सकाळी स्टॉपकडे जाताना मला ते दिसतं. शनिवारी वर्गात मागून पाहिलं तर थोडंसं गिअरबॉक्ससारखं वाटतं, पण हे मी कोणाला बोलत नाही.

खिडकीत सकाळचं ऊन थेट येतं, त्यामुळे रंग उडतो. परवा बॅग सावरत घाईने निघालो होतो, तर गजांमागून आवाज आला, "काका, डोकं फिकं पडलंय. येताना गुलाबी आणा. मोठी बाटली!"

संध्याकाळी दोन आणल्या.