नाथाजीनं धरून ठेवलेला सामना

कुंडलच्या स्टँडमागं नाथाजीचं डिश दुरुस्तीचं दुकान हाय. माणूस मिल्ट्रीत सिग्नलला सतरा वर्सं काढून आलाय. तोंड फटकळ, पण त्यानं "झालं" म्हटलं की झालं. आन तीनदा तपासल्याबिगर त्यो "झालं" म्हणतच न्हाई.

जानेवारीत बनुबाई दुकानात आली. तिची शिवांजली महाराष्ट्राच्या खो-खो संघात. फायनल नाशकात, दुपारी, टीव्हीवर थेट. आन नेमकी त्याच दिवशी उसाला कारखान्याची तोड आली. तोड सोडली तर ऊस मार्चपातूर उभा. नवरा लालासाहेब ड्यूटीवर बारामुल्ल्याला. फडावर उभं ऱ्हायला तिच्याबिगर कोण न्हाई, आन फडात मोबाईलला रेंज न्हाई.

"भावजी, पोरगी पळताना बघायचीय मला. धरून ठिवता येतंय का?"

"येतंय."

"आन निकाल आदी कुणी सांगायचा न्हाई. तिच्यासंगं कळू दे मला."

"वैनी, मग मीबी बघत न्हाई. माज्या तोंडावर दिसतंय समदं."

दुकानात जुना कंप्युटर हुता, त्यात डिशची वायर लावायचं कार्ड हुतं. राह्यलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. नाथाजीनं पुतण्याला फोन लावला. वीरधवल विश्रामबागला कंप्युटरच्या दुकानात हाय.

"तात्या, कशाला झंजट? मोबाईलवर हायलाईट येत्यात की."

"हायलाईटमदी बाद करणारी दावत्यात रं. आमची पोरगी बाद हुत न्हाई. म्हंजी ती दिसायचीच न्हाई!"

वीरधवल हसला आन तीन नावं धाडली. "पयलं घ्या. एकदम देखणं हाय."

पयलं खरंच देखणं हुतं. च्यानेलांची रंगीत चित्रं, घरातल्या कुठल्याबी मोबाईलवर सामना दिसायची सोय. पण उघडायच्या आदी इंटरनेटवर जाऊन पासवर्ड मागायचं. कुंडलात लाईट गेली की टावरबी झोपतोय. "मला माज्याच दुकानात शिरायला परवानगी मागायला लावतंय व्हय!" नाथाजीनं ते काढून टाकलं.

दुसरं शाणं वाटलं. चित्र झकास, आवाज झकास. रेकॉर्डिंग चालू असताना, लाईट गेली तर काय हुतंय बघाया, नाथाजीनं कंप्युटरची पिन उपसली. परत लावून बघतोय तर फाईल उघडंना. अर्धा तास धरलेलं समदं मातीत. नाथाजीनं त्याला मिल्ट्रीतली शिवी घातली.

तिसरं दिसायला तलाठ्याच्या फॉर्मवानी. करडं, नुस्तं चौकोनच चौकोन. वीरधवल फोनवर म्हणला, "तात्या, ते कुणी वापरत न्हाई आता."

"थांब." पिन उपसली. परत लावली. कंप्युटर आपला आपण उठला, सॉफ्टवेअर आपलं आपण उठलं, आन राह्यलेला कार्यक्रम दुसऱ्या फाईलीत धरायला लागलं. आदीचा तुकडा जिथल्या तिथं. नाथाजीनं सात वेळा पिन उपसली. सात वेळा ते उठलं.

"ह्यो आपला गडी," नाथाजी म्हणला. "मरतोय, पण हातातलं सोडत न्हाई."

सामना टायमावर सुरू हुईल ह्यावर त्याचा इस्वास न्हवता. आदी अर्धा तास, नंतर दोन तास जास्तीचं लावलं. मग तालमीत गेला. तिथं मंडळाचा धनाजी फटाक्यांची माळ घिऊनच बसलेला.

"बनुवैनी बघंस्तवर एकबी फटाका वाजता कामा नये."

"आवं नाथाजीराव, जिकल्यावर गप बसायचं? गावाला काय सुतक हाय व्हय?"

"पोरगी तिची, का तुजी?"

धनाजीनं माळ पिशवीत घातली.

सामन्यादिवशी नाथाजीनं स्क्रीनवर टावेल टाकला, आवाज बंद केला आन दारात पाठ करून बसला. मधीच लाईट गेली. इन्व्हर्टर कुंथला, कंप्युटर मेला. मग घुर्रर्र करून उठल्याचा आवाज आला. किती गेलं, काय गेलं, नाथाजीला ठाव न्हाई. टावेल उचलायला हात शिवशिवत हुता. उचलला न्हाई. असला माणूस हाय त्यो.

दिस कलायला बनुबाई फडावरनं आली. अंगावर पाचटाचा कचरा, तोंड उतरलेलं.

"हारली न्हवं?"

"कोण म्हणलं?"

"कोण कशाला म्हणतंय? दिवसभर कान गावाकडं लावून हुते. एक फटाका न्हाई वाजला."

नाथाजीनं समद्यांची तोंडं बंद केली, पण गप बसणंबी बोलतंय हे त्याच्या डोस्क्यात आलंच न्हवतं. दारात धनाजी आन पोरं उभी, तीबी खाली बघाया लागली.

"वैनी, मलाबी ठाव न्हाई. बसा. बघू."

टावेल निघाला. सामना चालू झाला. महाराष्ट्राची पळती, म्हंजी पळायची पाळी आली, तीन पोरी मैदानात उतरल्या, त्यात शिवांजली. कोपऱ्यात घड्याळ. पोरगी खांबाला वळली, पाठीमागच्या पोरीला हुलकावणी दिली, आन चित्र काळं झालं.

"लाईट!" नाथाजी वरडला. "वैनी, हितंच गेली हुती लाईट."

बनुबाईनं पदर तोंडात धरला.

नाथाजीनं दुसरी फाईल लावली. कोपऱ्यातलं घड्याळ दोन मिंटं पुढं गेलेलं. संगतीच्या दोघी बाद हून बसलेल्या. मैदानात एकटी शिवांजली, केस सुटलेलं, आन ती अजून पळतच हुती.

"हाय की!" बनुबाई उठून उभी राह्यली. "अजून हाय की पोरगी!"

आनकी दीड मिनिट पळाली. बाद झाली तवा समोरच्या संघातल्या पोरींनीबी टाळ्या दिल्या. बनुबाई रडत न्हवती, हसत हुती, आन ऊस तोडून आल्यावानी धापा टाकत हुती.

"काकी, निकाल बघा की आता," दारातनं धनाजी वरडला. "आमास्नी किती वेळ उभं करताय?"

"ऱ्हा उभं," बनुबाई म्हणली. "भावजी, ती पळती मागं घ्या. पयल्यापासनं."

नाथाजीनं मागं घेतलं.