वंदनाताईचे आवाज

नाटक संपलं की संवाद विसरतात, रुसवेफुगवेही विरतात. आमच्या भिलाईच्या मराठी नाटकमंडळींत साठत जातात ते वंदनाताईच्या आवाजांचे किस्से. ती दिवसा प्लांटमध्ये क्लार्क, संध्याकाळी आमचं साउंड सांभाळणारी. मी डायरेक्टर, म्हणजे तिच्याशी भांडणारा.

पहिल्याच नाटकात तिनं स्वयंपाकघराच्या सीनला कुकरच्या शिट्या लावल्या. प्रेक्षकांतल्या एक बाई शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाल्या, "गॅस बंद कर वं, डाळ लागून राहिली."

सून उठलीसुद्धा!

*

एकदा आमचा बंडू स्टेजवर जिन्यावरून पडतो, असा सीन होता. तो पडला आणि विंगेत ताईनं माइकजवळ एक जाडजूड गाजर कडकन मोडलं.

प्रेक्षकांत बसलेली बंडूची आई थेट स्टेजवर आली. "पाय दाखव."

त्यानं पडल्यापडल्या हळूच सांगितलं, मले काही नाही झालं. तिला पटेना. नाटक थांबवून तिनं त्याला चालायला लावलं, तेव्हा कुठे खाली उतरली.

*

एका घरगुती नाटकात तिनं सुरुवातीपासून पंख्याची बारीक घरघर चालू ठेवली. ही कटकट कावून, कशाला पाहिजे, म्हणून मी तालमीत चिडलो होतो. ती नुसती हसली.

प्रयोगात वडील गेल्याचा फोन येतो. मुलीचं काम करणाऱ्या शुभदानं रिसीव्हर खाली ठेवला आणि त्याच क्षणी ताईनं घरघर बंद केली.

तोवर ती घरघर कुणाच्या लक्षातही नव्हती. आता ती नाही, हे सगळ्या हॉलला ऐकू आलं. शुभदाला पुढे मोठं रडायचं भाषण होतं. ते तिनं म्हटलंच नाही. मलाही ते आठवलं नाही.

*

आणि सेक्टर दहामधला तो प्रयोग. शुभदा आईच्या भूमिकेत, लहानशा स्टेशनवर मुलाची वाट बघतेय. आधी एक मालगाडी न थांबता जाते, मग मुलाची गाडी येते. नेमका मालगाडीच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. ताई बटणं फिरवतेय, मशीनचा लाइट लागत नाही.

शुभदा थांबली. मग तिनं सावकाश डावीकडे मान वळवली. उडू नये म्हणून पदर धरला. एकेक डबा जावा तशी तिची नजर सरकत राहिली. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं कानांवर हात ठेवले.

प्रयोगानंतर दुर्गचे नेवारे काका आत आले. जन्मभर मालगाडीवर गार्ड होते. ताईचा हात अजून त्या बंद मशीनवर होता. त्यांनी विचारलं, हा आवाज कुठं रेकॉर्ड केला?

ताईनं मशीनवरचा हात काढला.

"भरलेली गाडी होती," काका म्हणाले. "रिकामी असती तर डबे खडखडले असते."