तिसरा श्वास आणि चप्पल

आता ताई, ही पोस्ट वाचून पुन्हा मलाच तापट म्हणू नको! दोन नोकऱ्या माझ्या तोंडानं गेल्या, मान्य. म्हणून तर तू फोनवर शिकवलं, राग आला की थांब, डोळे मिट, तीन श्वास घे, अंग कुठं आवळलंय ते बघ.

मित्रांनो, आज सुरतेत गोदामात शेठ सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. शिवी ओठावर आल्ती. थांबलो. डोळे मिटले. खांदे कानाला टेकलेले, दात घट्ट. ढिलं सोडत गेलो.

तिसरा श्वास घेतला तं नाकाखाली चप्पल!

शेठला वाटलं मला फिट आली, ओरडून राह्यला, "मिरगी आयी इसको, जल्दी सुंघाओ!"

अंग ढिलं पडल्तं, मंग हसूच फुटलं. शेठबी हसला.

तुम्ही राग कसा जिरवता, सांगा. ताई, नोकरी टिकली. घरी सात हजार पाठवून राह्यलो.