सेन्सर आणि सातविणीखालचा राखणदार

आमची गाडी राखणदार अडवतो, हे मी सोडून घरातल्या सगळ्यांना पटलं होतं. कट्ट्याच्या पुढे कणकवलीच्या वाटेवर एक चढण लागते. तिच्या माथ्यावर सातविणीचं झाड आहे आणि सातविणीखाली एक दगड. तो दगड म्हणजे त्या हद्दीचा राखणदार. जाता-येता लोक त्याला विडी ठेवतात, काम मोठं असलं तर नारळ. आमची गाडी नेमकी त्या माथ्यावर पोचली की बंद पडायची. आचका नाही, आवाज नाही, चालता चालता डोळा लागावा तशी. मग चावी फिरवली की स्टार्टर गरगरायचा आणि इंजिन ढिम्म.

गाडी मुळात जुनी. सासऱ्यांनी ती मुंबईच्या एका पाहुण्याकडून घेतली आणि अंगणात ताडपत्रीखाली ठेवून दिली, कारण चालवणारं घरात कोणी नव्हतं. नवरा गोव्याला नोकरीत, शनिवारी यायचा आणि रविवारभर झोपायचा. सासरे सायकलच्या पुढे कधी गेले नाहीत. मी लग्नाआधीच लायसन्स काढलेलं. पण सून गाडी बाहेर काढते म्हटल्यावर त्यांना अचानक त्या गाडीची फार काळजी वाटू लागली.

दोन हजार सात-आठचा सुमार. मी कणकवलीच्या एका शाळेत शिक्षणसेवक होते. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि शेवटी शाळेच्या मनात आलं तर कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. सकाळची शाळा. कट्ट्याहून पहिली एसटी पोचायची ती प्रार्थना आणि पहिला तास आटोपल्यावर. गाडी वेळेवर पोचली तर नोकरी, नाहीतर जन्मभर घरी आंबोळ्या घालायच्या, इतका सरळ मामला होता.

राखणदाराचा शोध सासऱ्यांचाच. त्यांना एकदा कणकवलीला काम होतं म्हणून ते माझ्याबरोबर निघाले आणि गाडी माथ्यावर बसली. ते शांतपणे उतरले, चपला काढल्या, पिशवीतला नारळ काढला. नारळ बरोबर कसा, तर देवळात द्यायला घेतलेला. दगडासमोर उभं राहून त्यांनी सावकाश गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी तोंडी बोलणं. त्यात सगळे पूर्वज येतात, बारा वेशी येतात, कळत नकळत झालेल्या चुका येतात, घाई कुठेच येत नाही. मग नारळ फोडला, विडी पेटवून दगडावर ठेवली, एक स्वतःही ओढली. एवढं सगळं होऊन ते गाडीत बसले, मी चावी फिरवली, आणि गाडी सुरू.

"आता काय म्हणतंस?" सासरे म्हणाले.

मी गिअर टाकला. त्या दिवसापासून ओट्यावर येईल त्याला ही कथा ऐकायला मिळू लागली. शेवट ठरलेला, माझ्या बाईपणावर घसरणारा, आणि तो मी स्वयंपाकघरात ऐकेन एवढ्या आवाजात. "बायलमनशान स्टेरिंग धरला, ता म्हाराजाक रुचणा नाय."

गाडी कट्ट्याच्या मेस्त्रीकडे नेली. हा गृहस्थ टेम्पो आणि जीप यांवर मोठा झालेला, आणि आपल्याला येत नाही असं काही जगात असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप उतरवून पुसून परत बसवला. गाडी परत माथ्यावर झोपली. तेव्हा तो सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, ह्यो पार्टचो प्रश्न नाय. ह्यो जाग्याचो प्रश्न." आणि स्वतःच्या हाताने पुढे लिंबू-मिरच्या बांधून मोकळा झाला. पुढे एकदा काच पुसताना माझ्या लक्षात आलं की डॅशबोर्डवर एका जागी काळी चिकटपट्टी लावलेली आहे. ओढून काढली तर खाली इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लख्ख पेटलेला. मेस्त्रीला विचारलं तर म्हणतो, "तो उगाच पेटता. तुमका भिया वाटात म्हणान झाकलंय." असल्या कारागिराने डॉक्टर व्हायला हवं होतं. ताप आला की थर्मामीटर फोडून मोकळा.

मला मात्र एक गोष्ट डाचत होती. परतीच्या वाटेवर गाडी त्या माथ्यावर कधीच बंद पडत नसे. ती कसालच्या अलीकडे पडायची, एका कोंबड्यांच्या दुकानासमोर. हे मी घरी सांगितलं. सासरे म्हणाले, "थंयसर पण तेचीच हद्द आसा." राखणदाराची हद्द माझ्या गाडीच्या सोयीने वाढत होती. नवरा शनिवारी आला तेव्हा म्हणाला, "तुझा पण बरोबर आसा, बाबांचा पण चुकीचा नाय." हे वाक्य म्हणता यावं म्हणूनच तो गोव्याहून येत असावा असं मला कधीकधी वाटायचं.

एकदा मी एकटीच माथ्यावर अडकले. नारळ नव्हता, विडी नव्हती, गाऱ्हाणं घालायची इच्छा तर मुळीच नव्हती. मी रागाने वह्या काढल्या आणि स्टेरिंगवर ठेवून तपासत बसले. बऱ्याच वह्या झाल्यावर चावी फिरवली तर गाडी सुरू. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि तरी मला हे दिसायला इतका वेळ लागला याची चीड आली. दोन्ही वाटांवर सारखंच अंतर कापल्यावर, म्हणजे इंजिन पुरतं तापल्यावर गाडी बंद पडत होती. आणि निवल्यावर सुरू होत होती. गाऱ्हाण्याला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ तिला निवायला लागत होता. सासऱ्यांनी गाऱ्हाणं आटोपतं घेतलं असतं तर राखणदाराची अब्रू तेव्हाच गेली असती.

कणकवलीला हायवेवर एका गॅरेजवाल्याने नवीन मशीन आणलेलं. गाडीला वायर जोडली की दोष पडद्यावर दाखवणारं. मी शाळा सुटल्यावर तिथे गेले. त्याने मशीन लावलं, पडद्याकडे बघून मान हलवली आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "मॅडम, साहेबांना घेऊन या. त्यांना समजावून सांगतो."

"साहेब गाडी चालवत नाहीत. मला सांगा."

"थोडं टेक्निकल आहे."

"मी नववीला विद्युतचुंबकत्व शिकवते. बोला."

तेव्हा कुठे त्याच्या तोंडातून निघालं. इंजिनाचा मुख्य दांडा फिरताना कुठे आहे, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. त्याच्या आत बारीक तारेचं वेटोळं. ते कुठेतरी तुटलेलं. थंड असताना टोकं टेकलेली राहतात, तापलं की सुटतात. दांडा फिरतोय हेच कॉम्प्युटरला कळेनासं होतं, मग तो पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही. मी सेन्सर दाखवायला लावला. खाली, गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी, अंगठ्याएवढा काळा तुकडा. एवढ्याशा गोष्टीसाठी बारा वेशी जाग्या केल्या होत्या! सेन्सर कोल्हापूरहून मागवावा लागणार होता.

तोवर घरच्यांना पुरावा द्यावा असं मला वाटलं. आता हसू येतं, पण वाटलं खरं. सासऱ्यांना गाडीत घेऊन मुद्दाम निघाले. माथ्यावर गाडी बंद पडली. ते नारळ घेऊन उतरले, मी बॉनेट उघडून गार पाण्यात पिळलेलं फडकं सेन्सरवर दाबून धरलं, वरून बाटलीभर पाणी सोडलं. ते अजून अगरबत्तीला काडी लावत होते तेवढ्यात मी गाडी सुरू केली. विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आलेले. दगडासमोर हात जोडून ते म्हणाले, "नुसतो उभो रवलंय, तोंड पण उघडूक नाय, आणि पावलो!"

कोल्हापूरहून सेन्सर एसटीच्या पार्सलने आला. खाऱ्या हवेने जुन्याचा बोल्ट गंजून बसला होता, तो सोडवताना गॅरेजवाल्याने बरीच आदळआपट केली. एकदा सुटल्यावर बाकी काम किरकोळ. जुना काढला, नव्याच्या रबरी कड्याला तेलाचं बोट लावून तो दाबून बसवला, बोल्ट आवळला, वायरीचा सॉकेट टकन बसला. पिवळा दिवा विझला. संध्याकाळी मी कोंबड्यांच्या दुकानासमोरून आणि सकाळी माथ्यावरून न थांबता गेले. मुख्याध्यापकांना कपाळाला आठ्या घालायला दुसरं कारण शोधावं लागलं.

गाडी बरी झाली म्हणून सासऱ्यांनी राखणदाराला नवसाने बोललेला कोंबडा द्यायचं ठरवलं. एका रविवारी सगळे माथ्यावर जमले. आम्ही घरचे, शेजारचे चार पुरुष, आणि गाऱ्हाणं घालायला गावचे एक मानकरी. हे मानकरी आवाजाचे खणखणीत. ते देवाला एकेक गोष्ट सांगतात आणि प्रत्येक गोष्टीला सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गाडी सांभाळलंस, व्हय म्हाराजा. चूकभूल पदरात घेतलंस, व्हय म्हाराजा. सेन्सरचं नाव अर्थातच कुठे नव्हतं. मग सासरे त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजले आणि मानकऱ्यांनी सूर लावला, "बा म्हाराजा, आता ह्या घरच्या सुनेक रोजच्या धावपळीतसून सोडव. तिची नोकरी सुटान ती सुखान घरात रवांदे, तिच्या हातातलो स्टेरिंग जावन मांडयेर बाळ येवंदे, रे म्हाराजा!"

पुरुषांनी तोंडं उघडली. नवऱ्यानेही उघडलं.

"नाय म्हाराजा," मी मोठ्याने म्हटलं.

गाऱ्हाण्यात कोणी नाही म्हणत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. सासरे जमिनीकडे बघत होते. मी जागची हलले नाही. मानकऱ्यांनी हयातभर इतरांची गाऱ्हाणी घातलेली. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मगे काय मागू ता तू सांग, बाय."

तीन वर्षांत त्या घरातल्या कोणी मला हे विचारलं नव्हतं.

"मागा काय नको," मी म्हटलं. "उद्या सकाळी माका नववीच्या वर्गार जाऊचा आसा. ता तेका नुसता कळवा."

त्यांनी कळवलं, त्याच खणखणीत आवाजात. पहिलं "व्हय म्हाराजा" माझं होतं. सासऱ्यांचं सगळ्यांच्या मागून आलं, अगदी बारीक, पण आलं.