पाहुण्यासाठी थांबलेला दिवा

आमच्या बाभुळगावच्या कॉलेजात ज्यू जीवनावरचा चित्रपट महोत्सव भरला. त्यात ज्यू माणूस एकच होता, अलिबागहून आलेले एक काका. पहिल्याच चित्रपटात त्यांची वारलेली आई होती. तिला चार लोकांत बसून पाहायला ते इतक्या लांब आले होते. मी स्वयंसेवक, म्हणजे हारांचं ताट धरून उभा.

शुक्रवार होता. काका सारखे खिडकीतून ऊन पाहत आणि डोक्यावरची टोपी नीट करत. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, सुरू होणार, मग चित्रपट पाहणं बंद.

“सर, चित्रपट लावून टाकू काय?” मी महोत्सव भरवणाऱ्या आमच्या सरांना भीत भीत विचारलं.

“उद्घाटनाच्या दिव्याआधी? येडा झाला काय बे! सायेब नेरहून निघाले, येऊनच राह्यले.”

ऊन उतरलं तसे काका उठले. “बाळा, तुमच्याकडे पाहुणा आला की दिवा लागतो. आमच्याकडे आधी दिवा लागतो, मग शब्बाथ पाहुणा होऊन येतो,” म्हणाले आणि आपला दिवा लावायला लॉजवर गेले.

साहेब अंधार पडल्यावर आले. ज्यूंकडून वेळ पाळणं शिकावं, यावर बराच वेळ बोलले. ते गेले, त्यांच्यामागे सभागृहही गेलं.

मग चित्रपट लागला. पडद्यावर काकांची आई शुक्रवारचा दिवा लावत होती. मी ताट खाली ठेवलं आणि काकांच्या खुर्चीत बसलो.